दोन पानं कापली म्हणून

शहापूर, बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस. दिग्दर्शकानं तुझ्या एकांकिकेतली दोन पानं कापली, आता तालमीलाच जाणार नाही म्हणालीस. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तू जा. आजच्या तालमीलाही जा.

मागवाल्या विणकरांच्या घरावरचं माझं नाटक बसत होतं, तेव्हा तू चौथीत होतीस. शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून रात्री आठला तालीम ठेवायचो. उद्यमबागेतल्या फौंड्रीतून सुटून पोरं येईपर्यंत नऊ वाजायचे. प्रॉम्प्टर आजारी पडला म्हणून वही घेऊन मीच बसलो. आईचं काम करणाऱ्या मावशी वडगावच्या, माग घरातच बघितलेल्या. नवरा गेल्यावरचं त्यांचं अकरा ओळींचं स्वगत मी रात्री जागून लिहिलं होतं. तुटलेला धागा, रिकामा माग, सगळं त्यात होतं. मावशी रोज चौथ्या ओळीला अडायच्या. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांदेखत चढ्या आवाजात म्हणालो, "पाठांतर करून या हो मावशी!"

त्या काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या आणि हातात काही नसताना सूत धरलं. तुटलेली दोन टोकं अंगठा आणि बोटात घेतली, बोट ओठाला लावून ओलं केलं, पीळ दिला. सांधलं नाही. परत ओलं केलं, परत पीळ. मग मान वर न करता म्हणाल्या, "दिवा लाव गं. दिसंना झालंय."

ही ओळ माझ्या वहीत नव्हती. लाईटचं काम बघणारा कन्नड पोरगा, ज्याला माझं स्वगत कधी धड कळलं नव्हतं, तो आपसूक उठला आणि बटणापाशी गेला.

घरी येऊन मी अकरा ओळी खोडल्या. हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मावशींची माफी मागितली, तीही सगळ्यांदेखत.

पण कापाकापी प्रत्येक वेळी मान्य करायची असंही नाही. साडीच्या व्यापाऱ्याचा प्रवेश उडवायचं ठरत होतं, तेव्हा मी हट्टानं भांडलो. तो प्रवेश राहिला. फक्त व्यापारी माझं मराठी सोडून कन्नडात "एष्टु री?", म्हणजे "किती हो?", असं विचारायला लागला, आणि तेच बरोबर होतं, आपल्या बाजारात असंच तर बोलतात.

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात त्यांनी 'शाकुंतल'चे आधी चारच अंक केले. सातही अंक रंगभूमीवर आले ते पुढच्या वर्षी. नाटक घरी बसून पुरं होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं असं मला फार वाटतं.

आज प्रॉम्प्टिंगला तू बस. नट कुठं अडतात तिथं पेन्सिलीनं खूण कर. एकाच जागी दोघं अडले, तर ती ओळ घरी आणून मोठ्यानं वाच. जिथं तुझं मन ठाम सांगेल, तिथं भांड. पण तालीम संपल्यावर, बाजूला घेऊन.

आईनं कुंदा पाठवलाय. सगळ्यांना दे, दिग्दर्शकालाही. आणि कापलेली ती दोन पानं टाकू नकोस, मला पाठव. मला वाचायची आहेत.

तुझे
बाबा