घर पठारावर घेतलंय

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

घराच्या कागदांवर सह्या झाल्या. बाबा, ‘ज्वालामुखीजवळ घर कशाला?’ एवढंच म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर इथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा १९८० चा उद्रेक आहे. आपल्या घराजवळचा ज्वालामुखी रेनियर त्याच रांगेतला, पण त्याच्यातून ताजा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, बाहेर पडल्याला साधारण १,००० वर्षं झाली. उद्रेक झालाच तरी लाव्हा डोंगराच्या आसपासच थांबेल, आणि राख वाऱ्याबरोबर बहुधा पूर्वेला जाईल. आपण वायव्येला आहोत.

काळजी करायची ती लहारची, म्हणजे चिखल-दगडांच्या लोंढ्याची. ओल्या काँक्रीटसारखा तो नदीच्या खोऱ्यातून खाली येतो. रेनियर ४,३९२ मीटर उंच, अंगावर हिमनद्या. आतल्या आम्लधर्मी वाफांनी पश्चिमेकडचा अँडेसाइट खडक हजारो वर्षांत कुजून मऊ माती झालाय. त्यामुळे उद्रेक नसतानाही कडा ढासळू शकतो, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी शिखरच कोसळलं आणि तो चिखल थेट प्युजेट साउंडच्या खाडीपर्यंत गेला. सुमारे ५०० वर्षांपूर्वीच्या ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या लहारच्या वेळी तर उद्रेकाचा पुरावाही सापडत नाही. आपल्या पठाराखालचं ऑर्टिंग गाव त्याच थरावर वसलंय. घरांचे पाये खणताना तिथे गाडल्या गेलेल्या जंगलाचे बुंधे निघाले, उभेच्या उभे.

म्हणूनच खोऱ्यातलं स्वस्त घर सोडलं आणि वरच्या पठारावरचं घेतलं. हप्ता जास्त आहे, पण झेपेल. आई, तू त्याचा हिशेब मांडत बसू नकोस. तुमची खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीघर लागूनच, भिंतीला धरायला दांडे बसवलेत, पाणी चोवीस तास गरम. सकाळचं ऊन बाबांच्या खुर्चीवर येईल अशीच खोली निवडली. आई, पूर्वीसारखं तुझ्या पायाशी गोधडीत शिरून झोपायचंय मला, वय कितीही होवो.

आता नीट ऐका. वाचनालय आणि बाजार खाली गावात आहेत, तिथे तुम्ही जाणारच. डोंगरावरच्या नद्यांजवळ १९९८ पासून जमिनीचा कंप टिपणारी यंत्रं आहेत. लोंढा सुटला की भोंगे वाजतात आणि ऑर्टिंगला साधारण ४० मिनिटं मिळतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ ला त्यांची चाचणी असते, तेव्हा घाबरायचं नाही. एरवी भोंगा वाजला तर मला फोन करत बसू नका, सामान गोळा करू नका. नदीच्या काठाने खाली तर मुळीच पळू नका, लोंढा त्याच वाटेने येतो. खोऱ्याच्या कडेचा जवळचा चढ धरायचा, आणि लोंढा दिसत असेल तर पुलावर पाय ठेवायचा नाही. गावातून वर जायच्या वाटा आधी आपण सावकाश चालून बघू. बाबांच्या गुडघ्याला झेपेल तीच आपली वाट. वर पोहोचलात की ‘उतरा’ असं अधिकृतपणे सांगेपर्यंत खाली यायचं नाही, कारण एकामागून दुसरा लोंढा येऊ शकतो.

बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि जादा चष्मा छोट्या पिशवीत घाला, ती बाहेर पडताना कायम खांद्याला हवी. आई, चपला नकोत, बूटच घालायचे. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, तिला नाही म्हणू नका.

तुमची,
चिमी