‘पर्यंत’ला इंग्रजीत शब्द एक नाही

संपादक महोदय,

राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आहे. खेड्यांतल्या बऱ्याच शाळांत मात्र ती अजून दोन रकान्यांतच अडकली आहे: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मुलं रकाने घडाघडा म्हणतात आणि वाक्य कर म्हटलं की गप्प होतात. पाठांतर कमी पडत नाही. मराठीच्या एकाच शब्दाला इंग्रजीत तीन-चार फाटे फुटतात, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

‘पर्यंत’ घ्या. ‘खिडकी पाचपर्यंत उघडी आहे’ इथे ‘टिल फाइव्ह’. ‘अर्ज पाचपर्यंत द्या’ इथे ‘बाय फाइव्ह’. ‘नदीपर्यंत चालत गेलो’ इथे दोन्ही चालत नाहीत, तिथे ‘अॅज फार अॅज द रिव्हर’. पहिल्या दोघांची खूण सोपी आहे. काम तोवर चालूच राहणार असेल तर टिल, तोवर एकदाचं उरकायचं असेल तर बाय. ‘सबमिट द फॉर्म टिल ३१ जुलै’ ही चूक पोरांचीच नाही, मोठ्यांच्या छापील सूचनांतही सापडते.

‘उसनं’चंही तसंच. आपण शब्द तोच ठेवून घेणं-देणं बदलतो, इंग्रजीत क्रियापदच बदलतं. म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन’ असं वाक्य जन्माला येतं. फळ्यावर समजावण्यापेक्षा दोन मुलांना समोरासमोर उभं करून एक खडू द्यावा. मागणाऱ्यानं ‘कॅन आय बॉरो इट’ म्हणायचं, देणाऱ्यानं ‘आय कॅन लेंड इट’. मग अदलाबदल. चार-पाच फेऱ्यांत गोंधळ बराच कमी होतो.

‘मला’ जरा खट्याळ आहे. मला सांग म्हणजे ‘टेल मी’, पण मला समजावून सांग म्हणजे ‘एक्स्प्लेन टू मी’. मुलं नेमकं उलट करतात. इथे नियम शोधत बसू नये, क्रियापद पाठ करतानाच ‘टू’सकट करून घ्यावं.

आणि ‘लागणे’! भूक लागली (आय अॅम हंग्री), गंजीला आग लागली (इट कॉट फायर), दोन तास लागले (इट टुक टू अवर्स), पोट्ट्याला गाडी लागते (ही गेट्स ट्रॅव्हल-सिक). चारही वाक्यांत ‘लागणे’साठी सामाईक असा एक शब्द नाही. गाइडमधला एक अर्थ इथे काय कामाचा?

कापूस-सोयाबीनच्या आपल्या भागात आणखी तीन शब्द लवकर शिकवावेत: पॉयझन, डेंजर, कॉशन. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग आणि वरच्या अर्ध्यात हे शब्द. लाल आणि पिवळ्यावर पॉयझन, लालवर कवटीही. निळ्यावर डेंजर, हिरव्यावर कॉशन. रोजच्या बोलण्यात ‘डेंजर’ भारी वाटतो, म्हणून पोरं त्यालाच सगळ्यात जहाल समजतात. डब्यावर मात्र तो पॉयझनपेक्षा कमी जहाल विषाची खूण आहे. ‘कॉशन’चा अर्थही ‘चालतंय’ असा नाही, ‘जपून’ असा आहे. हिरव्या डब्यालाही हातमोजे लागतातच.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ