तुझं नाव राहिलं, शिऱ्या

पुणे,
रविवार, रात्री साडेअकरा

शिऱ्या,

तुझे दोन फोन आले, मी उलटा एकही केला नाही. पहिला राहिला तो आळसाने. दुसरा मी मुद्दाम उचलला नाही. का, ते सांगायला आज बसलोय. तब्येत ठीक आहे. साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो. पुढे.

आपली पावसाच्या गाण्याची कॅसेट आठवते ना, डिसेंबर 86 ची? जोश्यांच्या माडीवर टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून केलेली, ज्यात मंद्या शेवटी शिंकलाय? निखिलने ती कम्प्युटरवर घेतली, खरखर कमी केली. त्याचा एक मित्र पंचवीस मिनिटांची फिल्म करत होता, त्याने ऐकली आणि शेवटाला हेच गाणं हवं म्हणून हटून बसला. मी हो म्हटलं. त्याने एक फॉर्म पाठवला. ‘गीत’पुढे मी माझं नाव लिहिलं. ‘संगीत’पुढेही माझंच. शब्द माझे, चाल माझी, म्हणजे संगीत माझं. हात जरासुद्धा अडखळला नाही.

मागच्या महिन्यात फिल्म दाखवली. साठ-सत्तर माणसं असतील. शेवट झाला, अंधार, आणि तुझी गिटार सुरू झाली. लोक उठायला लागले होते ते तसेच खाली बसले. माझा आवाज यायला अजून वेळ होता, तोवर नुसती तुझी ती सुटी सुटी बोटं. आणि तेवढ्यात पडद्यावर नाव आलं. गीत-संगीत. खाली माझं एकट्याचं. बाहेर एक मुलगी येऊन म्हणाली, ‘काका, ते सुरुवातीचं गिटारचं काय सुंदर आहे, कसं सुचलं?’ आणि मी म्हणालो, ‘सुचलं.’

त्याच संध्याकाळी तुझा दुसरा फोन आला होता.

घरी आल्यापासून मी आपला लाडका इंग्लिश बँड, ‘द पोलीस’, लावून बसलोय. पाचही अल्बम, ओळीने. (तुझी आई शेजारच्या काकूंना सांगायची, ‘वर पोलीस आलेत, आता दोन तास खाली यायची नाहीत पोरं.’) तू वाचलं असशीलच, गिटारवाला अँडी आणि ड्रमवाला स्ट्यूअर्ट यांनी गाणाऱ्या स्टिंगवर लंडनच्या हायकोर्टात दावा लावलाय, 2025 मध्ये. रॉयल्टीवरून. गाणं ज्याचं असेल त्याने उत्पन्नातला काही वाटा बाकी दोघांना द्यायचा, असं त्यांच्यात सुरुवातीच्या दिवसांतच ठरलं होतं, आणि आता त्या वाट्यात काय काय धरायचं यावरून वाद. वर्षापूर्वी वाचलं असतं तर म्हातारपणी पैशांवरून भांडतायत म्हणून पान उलटलं असतं. आता ती बातमी मी चारदा वाचली.

कारण त्यांचं ते गाणं, ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’. तूच मला पहिल्यांदा त्यातली गिटार नीट ऐकायला लावलीस. स्टिंगने ते जमैकात लिहिलं आणि डेमो केला तो ऑर्गनवर, तीन-चार सूर एकदम दाबून, भरगच्च कॉर्ड धरून. शब्द त्याचे, सूर त्याचे, कागदावर गाणं त्याचंच. पण त्यावर काय करायचं तेच तिघांना उमगत नव्हतं. मग अँडीला मोकळीक मिळाली, आणि त्याने अख्खी कॉर्ड न वाजवता तिचे सूर सुटे केले, बोटं ताणून, बार्टोक या संगीतकाराच्या वळणाने. झालं. 1983 मध्ये ते अमेरिकेत सलग आठ आठवडे पहिल्या नंबरवर होतं. 1997 मध्ये रॅपर पफ डॅडीने त्याचं दुसरं गाणं केलं तेव्हा उचललं काय? तीच गिटार. आणि गीतकार-संगीतकार म्हणून पैसे गेले स्टिंगला. गिटार ज्याची, त्याचं नाव त्या खान्यात नव्हतंच.

आता आपली माडी आठव. मी कॅसिओवर ते गाणं वाजवून दाखवलं होतं. दोन्ही हातांनी कॉर्ड दाबून, प्रार्थनेसारखं. मंद्या म्हणाला, शाळा सुटली. तू काहीच बोलला नाहीस. गिटार घेतलीस आणि माझ्या कॉर्डमधले दोन-दोन सूर गाळून टाकलेस. मला राग आला होता. माझी चाल उघडी पडली असं वाटलं. मग मंद्याने समेवरची थाप काढून घेतली, पाय तिसऱ्या मात्रेवर टाकला, आणि माझं तेच गाणं चालायला लागलं. प्रत्येक सूर मला आठवतोय, शिऱ्या. फॉर्म भरताना मात्र यातलं काहीही आठवलं नाही.

भांडणाचं निघालंच आहे तर त्यांच्या ‘घोस्ट इन द मशीन’ अल्बमबद्दल आज कबूल करतो, तू बरोबर होतास. तीन महिने आपण बोलत नव्हतो त्यापायी! मी म्हणायचो, कीबोर्ड आले, सॅक्सोफोन आले, केवढा मोठा आवाज झाला. तू म्हणायचास, गिटार गाडली त्यात. काल हेडफोन लावून ऐकला. खरंच गाडली. ‘एव्हरी लिटल थिंग’ मात्र मी सोडणार नाही, त्यात पियानो हवाच, आणि त्यात स्ट्यूअर्ट शेवटी जे सुटतो त्याला तोड नाही.

पण माझा जीव अजूनही ‘रेगाटा द ब्लांक’वरच, 1979. तुझं ‘झेन्याटा’चं वेड मला कधी कळलं नाही. हॉलंडात चार आठवड्यांत उरकलेला, दौरा निघायच्या दिवशी पहाटे चारला संपवलेला अल्बम, ऐकताना घाई कळते. तुला तो आवडायचा ‘बिहाइंड माय कॅमल’साठी. अँडीची ती धून स्टिंगला इतकी नकोशी होती की त्याने तिच्यात बेस वाजवायला नकार दिला. बेसही अँडीनेच वाजवला. स्टिंगने तर तिची टेप बागेत नेऊन पुरली. आणि त्याच धुनीला ग्रॅमी मिळालं. तू हे सांगताना दर वेळी माझ्याकडे बघून हसायचास. आज कळतंय का हसायचास ते.

निखिलच्या मित्राला मी विचारलं, चाळीस वर्षांपूर्वीचं खरखरीत गाणं तुला का हवं? तो चोवीस वर्षांचा. म्हणाला, ‘त्यात जागा आहे.’ पोलीस अजून का ऐकवतात, याचं याहून बरं उत्तर मला सुचत नाही. त्या काळातल्या बऱ्याच बँडची गाणी आज ऐकली की सिंथेसायझर कुठल्या वर्षीचा तेच आधी कळतं. यांच्या पहिल्या तीन अल्बममध्ये मुख्यतः तीनच वाद्यं, आणि तिघंही एकमेकांसाठी थांबतात. ‘वॉकिंग ऑन द मून’मध्ये बेसचे मोजके सूर, मग नुसती ड्रमची हाय-हॅट झांज, वर अँडीची एकच कॉर्ड, लांबवर विरत जाणारी. पंक आलेलं असताना, सगळे गिटारी ठोकत असताना, हे तिघे जमैकाच्या रेगे संगीताकडून सूर गाळायला शिकले. अँडी तर बाकी दोघांपेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा, जॅझ कोळून प्यायलेला. एवढं येणाऱ्या माणसाने एवढं कमी वाजवायचं! पहिला अल्बम इंग्लंडातल्या लेदरहेडच्या साध्याशा स्टुडिओत, स्ट्यूअर्टच्या भावाकडून दीड हजार पौंड उसने घेऊन. ‘रॉक्झॅन’च्या सुरुवातीला स्टिंग चुकून पियानोवर बसतो तो आवाज आणि त्याचं हसू तसंच ठेवलेलं. मंद्याची शिंक आपण ठेवली ती त्यांच्याच जोरावर.

मार्च 1980 मध्ये ते मुंबईत वाजवून गेले, मग कैरो, अथेन्स. तुझ्या आतेभावाने ते पाहिलं आणि त्यावर आपण पाच वर्षं जगलो. त्याच्याकडून ऐकून ऐकून मला हल्ली वाटतं, मी स्वतःच तिथे होतो.

आणि ‘सिंक्रोनिसिटी’. मॉन्टसेराट बेटावर तो अल्बम रेकॉर्ड करताना तिघे तीन खोल्यांत होते. ड्रम जेवणाच्या खोलीत, स्टिंग कंट्रोल रूममध्ये, अँडी एकटा स्टुडिओत. एवढा यशस्वी अल्बम, आणि माणसं भिंतींच्या पलीकडे. 1986 मध्ये पुन्हा जमायला गेले तर स्ट्यूअर्ट घोड्यावरून पडून खांद्याचं हाड मोडलं, ड्रम मशीनवर करायचे ठरले, तर कुठल्या मशीनवर यावरून तो आणि स्टिंग भांडले. एक जुनंच गाणं नव्याने करून उठले. त्याच डिसेंबरात आपण माडीवर होतो आणि तुझ्या नोकरीचा कागद आला होता. मी तुला म्हणालो होतो, ‘जा, गिटारवाले पुष्कळ मिळतील.’ तू विसरला असशील. मी नाही विसरलो. मिळाला नाही कुणी. मी शोधलाच नाही खरं तर.

ते तिघे वीस वर्षांनी, 2007 मध्ये, पुन्हा उभे राहिले, वर्षभर जग फिरले. आपल्याला ते जमणार नाही. मंद्या नाही.

तर मी त्या मुलाला काल फोन केला. म्हटलं, नावं चुकली आहेत. तो म्हणाला, काका, फिल्म पुढच्या महिन्यात दुसरीकडे दाखवायची आहे, शुक्रवारपर्यंत सांगा, बदलतो. मानधन म्हणून पाच हजार दिले होते, ते मी बाजूला काढून ठेवलेत, तीन भाग करून. संगीतापुढे तिघांची नावं जातील, तुझं पहिलं. यावर तू मोठेपणा करून ‘असू दे रे’ म्हणू नकोस. चिडायचं असेल तर चीड, ते चालेल.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? केदारला बंगळुरू मानवलं का? पागोळीखालच्या भिंतीचं काम पावसाआधी उरकून घे, मागच्या वेळी तू ऐकलं नव्हतंस. आंब्याची पेटी पाठवू नकोस, साखर सांगितली ना वर. एक डझन चालतील.

नाव शिरीष एवढंच लिहू की आडनावासकट? आणि मंद्याच्या भागाचे पैसे द्यायला सुधाकडे जायचंय. एकट्याने मला जमणार नाही. तिने ती कॅसेट कधी ऐकली आहे की नाही, तेही ठाऊक नाही, आणि त्यात त्याची शिंक आहे. तू ये. या शनिवारी नाहीतर पुढच्या. गिटार आणलीस तर आण.

तुझा,
अवि