लेकीच्या हाती बटण देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

परवा रात्री आम्ही नागपुरात पोहोचलो, तर तुमच्या दाराला कुलूप. तुम्ही वडशाला लेकीकडे गेलात आणि पंधरा दिवस तरी येत नाही, असं समोरच्या काकूंनी सांगितलं. छकुली प्रवासाच्या कपड्यांतच तुमच्या पायरीवर बसून राहिली. तिला जे सांगायचं होतं ते तिने काल फोनवर सांगितलं. माझं सांगणं फोनवर मावणारं नाही, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहिते आहे, कारण आपल्या नागपुरात उन्हाळा लागला की मेळे लागतात, मेळ्यात भूतबंगला लागतो, आणि त्याच्या दारात कुणीतरी आई आपल्या लेकराचा हात धरून उभी असतेच. मागच्या वर्षी मी उभी होते.

ती संध्याकाळ तुम्हाला ठाऊक आहे, पण मी तेव्हा तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. छकुली साडेचार वर्षांची. पत्र्याचा आणि प्लायवूडचा तो बंगला, वर लाल दिवे, आतून किंकाळ्यांची रेकॉर्ड. तिने मला तीनदा विचारलं, "आई, आत काय आहे?" मी तिन्ही वेळा म्हणाले, "काही नसतं गं आत, गंमत असते." आत काळोखात मुखवटा घातलेल्या एका माणसाने तिचा दंड पकडला. ती ओरडलीसुद्धा नाही. बाहेर आलो तेव्हा तिचा फ्रॉक ओला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या माणसाचा राग मला आठवडाभर होता. माझ्या "काही नसतं"चा राग यायला तुमची भेट व्हावी लागली.

त्यानंतर तिचं एकटीने मोरीत जाणं बंद झालं. रात्री स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. खिडकीबाहेर पेरूच्या झाडावर एक मुलगी बसते आणि आपल्याकडे बघते, असं म्हणायची. मी रागावले, समजावलं, दृष्ट काढली, "शूर मुली असं करत नाहीत" हेसुद्धा म्हणून झालं. एका रात्री तिची किंकाळी ऐकून तुम्ही चपला न घालता खाली आलात.

तुम्ही तिला "घाबरू नको" म्हणाला नाहीत. "कुठं बसते पोरगी? दाखव मले," असं विचारलंत आणि तिच्या उंचीला वाकून खिडकीकडे बघितलंत. मग म्हणालात, "हो ना, दिसते." माझ्या काळजात धस्स झालं होतं, हे आज सांगते. तुम्ही हात लांब करून दिवा बंद केला. मुलगी गेली. दिवा लावला, मुलगी आली. मग छकुलीला उचलून बटणापाशी नेलंत. "आता तू कर." तिने किती वेळा ते बटण दाबलं असेल! आठव्या-दहाव्या वेळी तिने हात हलवून बघितला, तर झाडावरच्या मुलीनेही हलवला. आणि ती हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या खोलीत हसली.

मी "पण खरं तर तिथे काही नसतं ना" असं काहीतरी पुटपुटले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "नसते असं काऊन सांगते तू तिले? असते ना तिथं. काय असते ते सांग. लेकराले फसवू नोको, सूनबाई."

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत तीस वर्षं दिवे सांभाळलेला माणूस आपल्या वरच्या मजल्यावर राहतो, हे आम्हाला माहीत होतं. त्याचा अर्थ त्या रात्री कळला. दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव मंडप, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं, आणि पुढच्या रांगेत आयांच्या मांडीवर पोरं. प्रेताचा प्रवेश आला की कुठलं पोर कधी रडणार हे तुम्हाला विंगेतून कळायचं, असं तुम्ही म्हणालात. न कळता आलेलं भेव लेकराला मोडतं, आणि कळून आलेलं भेव ते पुन्हा मागतं, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. भेव हा आपला शब्द मी शाळेत गेल्यावर टाकून दिला होता. आता तो आमच्या घरात परत आलाय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जुन्या खिडकीची काच, काळी शाल आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आलात. तान्हा पोळ्याचा तिचा लाकडी नंदी खोक्यात एका बाजूला लपवलात. मधे काच तिरपी उभी केलीत, मागे शाल टांगलीत, खोलीत अंधार केलात आणि टॉर्च तिच्या हातात दिलात. टॉर्च नंदीवर पडला की काचेच्या पलीकडे, काहीच नसलेल्या जागी, नंदी हवेत उभा! आरपार दिसणारा, पांढुरका. टॉर्च हळूहळू दूर नेला की विरघळून जायचा. "नंदीचं भूत," छकुली म्हणाली आणि त्याला हळद-कुंकू लावायला धावली. तिचा हात काचेला लागला तेव्हाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ही युक्ती तुम्ही उस्तादांकडून शिकलात, तिला काही नाव असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी नंतर शोधलं. इंग्रजीत तिला 'पेपर्स घोस्ट' म्हणतात, म्हणजे पेपरचं भूत. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी ते रंगमंचावर दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची होती, पण नाव पेपरचंच राहिलं. प्रेक्षकांसमोर मोठी तिरपी काच, खाली खड्ड्यात लपलेला नट, त्याच्यावर झगझगीत उजेड. तुमच्या खोक्यात जे होतं तेच.

मग भाद्रपद जवळ आला. मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे वाईटाचे मोठाले पुतळे मिरवतात तेव्हा, घराबाहेर पडायचंच नाही असं तिने आधीच जाहीर केलं होतं. आदल्या वर्षी बडग्यांना, त्या मिरवणुकीतल्या बाप्यांच्या पुतळ्यांना, बघून ती पलंगाखाली गेली होती. तुम्ही मिरवणुकीच्या तीन दिवस आधी तिला स्कूटरवर बसवून इतवारीकडे नेलंत, तिथे पिवळी मारबत तयार होत होती. १८८५ पासून निघणारी ती अवाढव्य बाई छकुलीने आतून बघितली: बांबूचा सांगाडा, सुतळी, कागद, कापड. डोळे रंगवायचे राहिले होते. घरी येऊन ती मला म्हणाली, "तिला अजून दिसत नाही." मिरवणुकीच्या दिवशी ती तुमच्या खांद्यावर होती. काळी आणि पिवळी नेहरू पुतळ्यापाशी भेटतात त्या गर्दीत तिचा आवाज मला लांबूनही ऐकू आला, "ईडा, पीडा, घेऊन जा गे मारबत!" एवढं भयंकर रूप आपणच बांधायचं, डोळे रंगवायचे, मिरवायचं आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचं. मी जन्मापासून हे बघत आले, पण आपल्या नागपूरकरांना लेकरांचं भेव किती आधीपासून कळलेलं आहे, हे तुमच्या खांद्यावरच्या छकुलीकडे बघून पहिल्यांदा जाणवलं.

माझ्या बहिणीने कॅलिफोर्नियाची तिकिटं काढली तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्याकडेच आले. तिथल्या डिस्नेलँडमध्ये 'हाँटेड मॅन्शन' आहे, ९ ऑगस्ट १९६९ ला सुरू झालेली जुनी राइड. उंचीची अट नाही, त्यामुळे लहान मुलंही सर्रास जातात. भाचे दोन वर्षांपासून तिचं कौतुक ऐकवत होते, आणि छकुलीने ते सगळं ऐकलेलं होतं. नेऊ की नको? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उलट मलाच विचारलंत, "आत काय काय हाय? ओळीनं सांग."

मला सांगता आलं नाही. आईला माहीत नाही तर ती लेकराला काय सांगणार, असं तुमच्या नजरेत होतं. मी रात्री बसून बघितलं आणि वहीत उतरवलं. आधी आठ भिंतींची एक खोली. दार बंद होतं, भिंती लांब होत जातात, दिवे जातात, वीज कडाडते, किंकाळी येते आणि वर छताजवळ एक लटकलेलं शरीर दिसतं. मग मान वळवून बघणारे पुतळे. मग न थांबता चालत राहणाऱ्या काळ्या गाड्या, त्यांत बसायचं. एक मोठा दिवाणखाना, त्यात आरपार भुतांचा नाच. स्मशानात दगडांमागून अचानक वर येणारी डोकी. शेवटी आरशात आपल्या शेजारी येऊन बसलेलं भूत.

वही वाचून तुम्ही पेन्सिलीने दोन प्रकारच्या खुणा केल्यात. जे हळूहळू येतं त्यावर एक, जे दचकवतं त्यावर दुसरी. पहिल्याला समजावलं की पुरतं, पण दचक्याला समजावणं लागू पडत नाही, कारण अंग डोक्याचं ऐकत नाही, असं म्हणालात. ही वही मी जपून ठेवणार आहे.

पुतळ्यांसाठी तुम्ही तुमच्या पेटीतला मुखवटा आणलात आणि त्याची आतली, खोलगट बाजू तिला दाखवलीत. एक डोळा मिटून इकडून तिकडे चाललं की तो चेहरा बाहेर आल्यासारखा वाटतो आणि आपल्यामागे वळतो. तिथले पुतळे असेच आत कोरलेले आहेत. लांब होणाऱ्या खोलीचं मी वाचून सांगितलं: भिंती लांब होतात कारण ती मुळात लिफ्ट आहे, जमीन खाली जाते. खरी राइड बागेच्या रेल्वेरुळांपलीकडच्या इमारतीत आहे आणि रुळांखालून माणसं पलीकडे न्यायची, म्हणून आधी खाली उतरवतात. यावर तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "काम बी झालं न भेव बी झालं!"

दचक्यासाठी तुम्ही पत्रा आणलात. नाटकात ढगांचा गडगडाट ज्याने करायचा तोच, हातभर लांब. आठवडाभर आमच्या घरात ढग छकुलीच्या हुकमाने गडगडले. शेजाऱ्यांनी सहन केलं, त्यांचेही आभार. मग राइडचा व्हिडिओ भर दुपारी दाखवला, आधी आवाज बंद करून, थांबवायचं बटण तिच्या बोटाखाली. ती स्मशानापाशी थांबवायची, उठून पाणी पिऊन यायची आणि पुन्हा सुरू करायची. तिसऱ्या दिवशी आवाज तिने स्वतःच वाढवला.

आणि हाताची खूण. मूठ एकदा दाबली की "आहेस ना?", दोनदा दाबली की "बाहेर." दोनदा दाबली की कारण विचारायचं नाही, हे तुम्ही मला तिच्यासमोर कबूल करायला लावलंत. तिकिटाचे पैसे गेले तरी चालेल, पण तिला भित्री भागूबाई म्हणणाऱ्याला तिथेच थांबवायचं, मग तो भाचा असो की भाऊजी.

पहिल्या दिवशी तिने दोनदा दाबली, काका. रांगेत पाऊण तास उभं राहून आम्ही आठ भिंतींच्या खोलीच्या दारापाशी आलो आणि तिची बोटं माझ्या तळहातात रुतली. एकदा. मग पुन्हा. भाचे पुढे गेले होते. माझ्या तोंडावर "अगं, आता एवढं आलोच आहोत तर" आलं होतं, खोटं कशाला सांगू. तुमचा चेहरा आठवला. मी दारावरच्या मुलीला सांगितलं, तिने हसत बाजूची वाट दाखवली आणि आम्ही उन्हात आलो. छकुली लगेच काही बोलली नाही. बाकावर बसून तिने माझ्या ओढणीचं टोक बराच वेळ गुंडाळलं. मग म्हणाली, "तू खरंच आलीस बाहेर."

मेळ्याच्या त्या संध्याकाळपासून ती माझ्याकडे असं सरळ बघून बोलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला. वीज कडाडायच्या आधी तिने ठरल्याप्रमाणे मान खाली घातली आणि आपल्या बुटांकडे बघत राहिली. वरचं लटकणारं शरीर तिने बघितलंच नाही, आणि ते तिने बघावं असं मलाही वाटत नाही. किंकाळीला ती दचकली. पुतळ्यांपाशी एक डोळा मिटून हसली. गाडीत बसल्यावर मूठ एकदा, एकदा, पुन्हा एकदा. मग गाडी वळली आणि खाली तो दिवाणखाना उघडला. लांबच लांब टेबल, आणि भोवती फिरणारी पांढुरकी जोडपी, दिसत, विरत, पुन्हा दिसत. ती उठायलाच निघाली होती, दांड्याने अडवली. त्या काळोखात, सगळ्या परदेशी माणसांत, मोठ्याने ओरडली, "काच! आई, काकांची काच!"

मला रडू आलं. त्या आठ मिनिटांतलं पुढचं मला फारसं आठवत नाही. स्मशानात तिने माझ्या कुर्त्यात तोंड खुपसलं होतं आणि आरशातल्या भुताला हात हलवून टाटा केला होता, एवढं नक्की. बाहेर आल्यावर बहिणीने विचारलं, "घाबरलीस का गं?" ती म्हणाली, "हो, भेव लागलं. पण मला कळत होतं."

काका, तुम्ही या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच घेत होतात. तुमचं ऋण कसं फेडायचं ते मला समजत नाही. तुमच्या गुडघ्यासाठी बहिणीने तिकडून पट्टा पाठवला आहे, तो माझ्याकडे आहे. संत्र्याची बर्फी तुम्ही आल्यावर ताजी आणते. तुमची काच आमच्या दिवाणामागे नीट गुंडाळून ठेवली आहे, पण एका कोपऱ्याला टवका उडालाय, तो प्रवासाला निघायच्या आधी आमच्याकडूनच उडाला. कडेला चिकटपट्टी लावली आहे.

छकुलीचा निरोप असा आहे की येताना लाल जिलेटीनचा कागद आणा. वरच्या मजल्यावरचा तीन वर्षांचा पिल्लू उद्या आमच्या पलंगाखाली भूतबंगला बघायला येणार आहे. आत नंदी कुठे उभा आहे हे ती त्याला आजच दाखवून आली आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सूनबाई