पेटीमास्तरांस अनावृत पत्र

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

म्हापशातल्या एका वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, एक दिवस, एवढीच आमच्या चित्रपटाची गोष्ट. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन येतो, कुणाची बस चुकते, शुक्रवारच्या बाजारात बांगडा मासळीवरून भांडण जुंपतं आणि संध्याकाळी तेच भांडण भजनात शिरतं. माणसं बोलता बोलता गाऊ लागतात. २००४पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो, त्यामुळे देशोदेशींचे सिनेमे आम्ही पोटभर पाहिले आहेत. पण साधं बोलणं नेमकं कुठे गाणं होतं, हे दाखवलंत तुम्ही. जत्रेच्या नाटकांना रात्र रात्र साथ केलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच.

पोदेराच्या भोंग्याची गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. सायकलवरचा तो रबरी भोंगा तुम्ही पेटीशेजारी धरून वाजवायला लावलात. सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लागत होता. ध्वनिमुद्रण करणारा मुलगा म्हणाला, संगणकावर सुरात आणतो. तुम्ही पेटीचा भाता बंद केलात. म्हणालात, “वाडा रोज ह्याच सुरात उठतो. गाणं त्याच्याकडे न्या.” मग त्या कडव्यात पेटी नाही, फक्त घुमट, आपलं मातीच्या मडक्यावर कातडं मढवलेलं वाद्य. एका हाताने कातडं वाजवत दुसऱ्या तळव्याने मडक्याचं अरुंद तोंड झाकत-उघडत घुमटवाल्याने भोंग्याचा सूर कसा गाठला, ते मी कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे; १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं, आता बकऱ्याचं कातडं मढवतात. तुम्ही ते पुन्हा पुन्हा शेकून घेतलंत, हवा तसा घुमार येईपर्यंत. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, पण आमच्या चित्रपटात त्याला मानाची जागा दिलीत ती तुम्ही.

मासळीवाल्या मावशी गायला तयारच नव्हत्या. तुम्ही त्यांना गा म्हणालातच नाही. टोपलीशेजारी बसून फक्त भाव विचारत राहिलात, मुद्दाम कमी करून मागत राहिलात. त्या चिडल्या, आवाज चढला, आणि त्यांच्या ‘घे गो बाय, घे’मध्ये ताल सापडला. मागे शामेळाचा ढोल आणि कांसाळ्याच्या झांजा आल्या तशी मावशींनी मानेनेच सम दिली. चित्रपट दाखवला तेव्हा मंडपात सगळ्यात जास्त हशा त्या पदालाच झाला. आणि त्यातलं त्यांचं हसू पाहिलंत ना, मास्तर? अभिमानाचं होतं ते.

बसच्या गाण्याचे दोन अंतरे तुम्ही छाटलेत, तेव्हा गीतकार रुसला होता. नाटकात वन्समोअर मिळतो म्हणून पद लांबवता येतं, पडद्यावर बस सुटायला हवी, असं म्हणालात. बस सुटली आणि मंडप हसला. रुसवा तिथल्या तिथे संपला.

बाकी चहा, जेवणं, तालमीला दिलेली तुमची ओसरी, चाली बसवताना वहिनींनी सोसलेला गोंगाट, या सगळ्यासाठी वहिनींना वेगळं पत्र लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’ एवढंच पुरे, असं तुम्ही बजावलं होतं. ‘संगीत’ या शब्दाखाली तुमचं नाव आहे, एकट्याचं, आणि ते तिथेच राहणार. तालमीत तुमचा शब्द आम्ही कधी खाली पडू दिला नाही, हा एवढा पाडला.

आपली नम्र,
चित्रपटाची लेखिका