आगमनकाळ खोक्यात मावत नाही

‘ॲडव्हेंट कॅलेंडर’च्या, म्हणजे नाताळपर्यंत रोज एक कप्पा उघडायच्या भेटवस्तूंच्या खोक्यांच्या, वाढत्या बाजारावरील लेख वाचला. या खोक्यांना आगमनकाळाचे (ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याचा ख्रिस्ती काळ) नाव देणेच चुकीचे आहे. आगमनकाळ नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरदरम्यान सुरू होतो. तो २२ ते २८ दिवसांचा असतो. खोक्याला मात्र दरवर्षी १ डिसेंबरपासून २४च कप्पे, कारण साचा बदलावा लागत नाही. त्यात आगमनकाळाच्या चार रविवारांची गणतीच हरवते. जर्मन धर्मोपदेशक योहान विखेर्न यांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या गरीब मुलांसाठी नाताळपर्यंतचे दिवस मोजायला केलेल्या चक्रावर रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या होत्या, इतर दिवसांच्या लहान. हा प्रार्थनेचा, वाट पाहण्याचा काळ आहे. रोज एक चॉकलेट किंवा लिपस्टिक काढून तो पाळला जात नाही. घरात दर रविवारी एकेक पेटवायला तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी मेणबत्ती पुरते.

— एक वाचक, वसई