बिडकीनचं वाळूज होऊ देऊ नका : नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : छत्रपती संभाजीनगर महानगर प्रदेशातली रोजगारवाढ आणि तिच्यामागून येणाऱ्या माणसांचं पाणी, घर व स्थानिक कारभार

महोदय,

बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी गेल्या काही वर्षांत टोयोटा किर्लोस्कर, एथर, जेएसडब्ल्यू, लुब्रिझॉल अशी मोठी नावं जाहीर झाली. अशा प्रत्येक घोषणेत दोन आकडे असतात : गुंतवणूक किती कोटींची आणि रोजगार किती हजारांना. त्या रोजगारामागे किती माणसं राहायला येणार, कुठं राहणार आणि कुणाच्या नळाचं पाणी पिणार, हा तिसरा आकडा मात्र घोषणेत नसतो. हे पत्र त्या तिसऱ्या आकड्यासाठी आहे. कारखान्यांना आमचा विरोध नाही. मराठवाड्याच्या पोरांनी कामासाठी चाकण-भोसरी गाठायची की बिडकीन, याचं आमचंही उत्तर बिडकीनच आहे.

तिसरा आकडा काढणं अवघड नाही. समजा, एका कारखान्यानं १०,००० थेट नोकऱ्या जाहीर केल्या. त्यातले ३,००० जण पैठण, गंगापूर, फुलंब्री तालुक्यांतल्या गावांतून रोज ये-जा करतील असं धरू. उरले ७,०००. त्यातले निम्मे एकटे राहणारे, निम्मे बायकापोरांसह, आणि कुटुंब चौघांचं. म्हणजे ३,५०० अधिक १४,०००, एकूण १७,५०० माणसं. एकट्यांनी तिघांत एक खोली केली तरी ११६७ खोल्या लागतात. शिवाय ३,५०० बिऱ्हाडांना घरं. शहरी निकषानं माणशी १३५ लिटर धरलं तर रोज सुमारे २३.६ लाख लिटर पाणी, आणि १५ टक्के गळती धरली तर टाकीत २७.८ लाख लिटर यायला हवं. वापरलेल्या पाण्याचा ८० टक्के भाग सांडपाणी होतो, म्हणजे रोज १९ लाख लिटर. कुटुंबवाल्या १४,००० लोकांसाठी आठशेमागे एक या हिशेबानं १८ अंगणवाड्या. सुटे भाग पुरवणारे गाळे, मेसवाले, रिक्षावाले, टपरीवाले यात धरलेलेच नाहीत. आमची गृहीतकं कुणाला पटणार नाहीत. मग आपल्या विभागानं स्वतःची मांडावीत. पण करारासोबत असा एक पानभर ताळेबंद असलाच पाहिजे, आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही.

असा हिशेब न मांडता कारखाने आणले की काय होतं, ते बघायला लांब जायला नको. शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्यामागून शेकडो लघुउद्योग आले. एमआयडीसीनं आपल्या हद्दीत रस्ते केले, पाणी दिलं, दिवे लावले. कामगार मात्र त्या हद्दीबाहेर राहिला : रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी-बजाजनगर, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर, तीसगाव. ही वस्ती वाढली ती ग्रामपंचायतींच्या कारभारात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ७ ते १७ असते. एक ग्रामसेवक, मोजके पाणीपुरवठा कर्मचारी, नगररचनाकार नाही, स्वच्छता निरीक्षक नाही, अग्निशमन नाही. चार मजली इमारतींच्या गल्ल्यांचा कारभार खेड्यासाठी केलेल्या कायद्यावर चालवायचा, याला काय म्हणायचं?

पाण्याचा निकषही याच विसंगतीतून ठरतो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर धरतात. महापालिकेच्या हद्दीतला माणूस १३५ लिटरचा धनी, आणि त्याच कंपनीत, त्याच शिफ्टला काम करून रांजणगावात राहणारा ५५ लिटरचा. योजनेतला फरक मग टँकरनं भरून निघतो, आणि टँकरचे पैसे खोलीच्या भाड्यात मिळवले जातात.

दुसरी चूक लोकसंख्येच्या अंदाजातच असते. पाणीपुरवठा योजना आखताना मागच्या जनगणनांचे आकडे घेऊन अंकगणिती वाढ, भूमितीय वाढ अशा दोन-तीन पद्धतींनी पुढचा आकडा काढतात आणि बहुधा त्यांची सरासरी धरतात. नळ ३० वर्षांसाठी, पंप १५ वर्षांसाठी. जे गाव मागं जसं वाढलं तसंच पुढं वाढणार असेल तिथं हे ठीक चालतं. शेजारी हजारो एकरांचा औद्योगिक पट्टा उठला की ही पद्धत पहिल्या पाच वर्षांतच उताणी पडते, कारण २००१ आणि २०११ च्या आकड्यांना पुढं येणाऱ्या कारखान्याची खबर नसते. म्हणून महानगर प्रदेशातल्या गावांच्या योजनांत भूखंडवाटपाचा आकडा धरून अंदाज काढण्याची सक्ती हवी. कुठला भूखंड कुणाला, उत्पादन कधी सुरू, मनुष्यबळ किती, ही माहिती एमआयडीसीकडे आणि ऑरिककडे (शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी) असते. ती पाणीपुरवठ्याच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

खुद्द शहराचं उदाहरण घ्या. महापालिका हद्दीतली लोकसंख्या २००१ मध्ये ८.७३ लाख होती, २०११ मध्ये ११.७५ लाख झाली. दहा वर्षांत तीन लाख, म्हणजे दिवसाला ऐंशीच्या वर माणसं. एवढ्या वाढीला दरवर्षी ४० लाख लिटर जादा पाणी रोज लागतं. आणि जायकवाडीहून येणारे मुख्य नळ होते दोनच : सत्तरच्या दशकातला ७०० मिलिमीटरचा आणि नव्वदच्या दशकातला १४०० मिलिमीटरचा. शहर वाढत राहिलं, नळ तेवढेच राहिले, आणि घरात पाणी आठ-आठ दिवसांनी येऊ लागलं. पाणी असं अधूनमधून सोडण्याचा तोटा फक्त गैरसोयीपुरता नसतो. पुरवठा बंद असताना नळातला दाब उतरतो आणि गळक्या जोडांतून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. सोडल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ, वासाचं पाणी येतं ते त्यामुळं.

२०१९ मध्ये १,६८० कोटींची म्हणून मंजूर झालेली आणि पुढं २,७४० कोटींवर गेलेली नवी योजना २५०० मिलिमीटरच्या नळाची आहे. त्या नळाचं तोंड १४०० च्या तिपटीहून मोठं. नक्षत्रवाडीच्या जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता रोज ३९.२ कोटी लिटर. गळती वजा केली तरी पंचवीस लाखांच्या आसपास लोकांना हे पाणी पुरावं. पण योजना आखली गेली ती महापालिकेच्या हद्दीसाठी. वाळूज पट्टा आणि बिडकीनभोवतीची गावं तिच्या हिशेबात नाहीत, आणि उद्या तिथं टंचाई झाली की याच नळाला भोक पाडायची मागणी होणार. आजच ठरवा : किती पाणी, कुठल्या टाकीतून, कुठल्या दरानं, मीटर कुणाचा. धरण भरलेलं असताना हे सगळं सोपं वाटतं. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य उद्योगाच्या पाण्यात मोठी कपात केली होती, हे कारखान्यांच्या लक्षात असेल, शासनाच्याही असावं.

आता बिडकीन. ऑरिकचा शेंद्रा आणि बिडकीन मिळून पट्टा सुमारे १०,००० एकरांचा आहे आणि त्यातली ४० टक्क्यांच्या आसपास जमीन निवासी, व्यापारी व इतर वापरासाठी राखलेली आहे. जमिनीखालून वाहिन्या, रुंद रस्ते, सगळं चांगलं आहे. पण ठेकेदाराकडं बारा-पंधरा हजारांवर काम करणारा माणूस तिथल्या निवासी भूखंडावरच्या घरात राहू शकत नाही. तो बिडकीन गावात, चितेगावला, निलजगावला खोली बघणार. आणि त्याच्या आधी तिथं प्लॉटिंगवाला पोहोचलेला असतो.

प्लॉटिंग कसं होतं हे आपल्या विभागाला आम्ही सांगायला नको, तरी सांगतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा १,०८९ चौरस फूट. अकृषिक परवानगी नाही, मंजूर रेखांकन नाही. वीस बाय तीसचे, म्हणजे ६०० चौरस फुटांचे तुकडे पाडायचे आणि बॉण्डवर, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखताशिवाय, विकायचे. रस्ता वीस फुटांचा सांगतात. ओटे, पायऱ्या धरून बारा-पंधरा उरतो. मंजूर रेखांकनात साधारणपणे किमान ९ मीटरचा, म्हणजे तीस फुटांचा रस्ता लागतो, आणि तो फक्त गाड्यांसाठी नसतो. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैलावाहिनी यांच्यात अंतर ठेवावं लागतं. पंधरा फुटांत दोन्ही एकाच चरात जातात आणि वर सांगितलेली गढूळ पाण्याची गोष्ट सुरू होते. मैलावाहिनी नसेल तर शोषखड्डे. इथली जमीन वर काळी, चिकट, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळ्या मातीत पाणी मुरत नाही आणि पाषाणाच्या भेगांतून ते थेट शेजारच्या बोअरला लागतं. वीस वर्षांनी मग गुंठेवारीची, म्हणजे असे विनापरवानगी भूखंड नियमित करण्याची, मुदत पुढं ढकलायची. कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० वर आणली. नियमित करून मालकीचा कागद मिळतो, रस्ता रुंद होत नाही.

यावर उपाय कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नगररचना योजनेची तरतूद आहे. शेतकऱ्याची जमीन संपादित करायची नाही. सगळे गट एकत्र मांडायचे, रस्ते, शाळा, टाकी, बाग यांची जागा काढायची आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे, रस्त्याला लागून असलेले भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण इथं पुण्याच्या महानगर प्राधिकरणानं (पीएमआरडीए) हाच मार्ग धरला. बिडकीन पट्ट्याच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गावांत आमच्या महानगर प्राधिकरणानं हे आत्ताच करावं. सगळी योजना मंजूर व्हायला वर्षं लागतील हे आम्हाला माहीत आहे. म्हणून क्रम उलटा घ्या : आधी मुख्य रस्त्यांची आखणी आणि सीमांकनाचे दगड, मग बाकीचं. दगड रोवलेल्या रस्त्यावर प्लॉट विकणं अवघड जातं.

एकट्या कामगारांसाठी खोल्यांपेक्षा खाटा मोजा. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांच्या वसतिगृहवजा भाड्याच्या घरांची घोषणा होती, पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा भाग आहे. भूखंडवाटपाच्या अटींतच घाला : पाचशेवर मनुष्यबळ असेल तर एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या ठरावीक टक्क्यांसाठी खाटांची सोय, स्वतःची किंवा भाड्यानं घेतलेली, उत्पादन सुरू होण्याआधी. मुलींसाठी वेगळी. इलेक्ट्रॉनिक्स आणि वाहनांच्या वायरिंगच्या कामात मुली मोठ्या संख्येनं येतात आणि त्यांना खोली मिळणं पोरांपेक्षा कितीतरी कठीण असतं.

शेंद्रा ते वाळूज उड्डाणपूल आणि मेट्रोची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. चालू द्या. तोवर एवढंच बघा की १०,००० पैकी ५,००० जण पहिल्या शिफ्टला असतील, तर पन्नास आसनांच्या शंभर बसगाड्या अर्ध्या तासात पैठण रस्त्यावर येणार. शिफ्टच्या वेळा कंपन्यांत वीस-वीस मिनिटांनी पुढंमागं केल्या तरी निम्मा गुंता सुटतो, आणि त्याला निविदा लागत नाही.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. शासन नोकऱ्या मोजतं ती भविष्यनिर्वाह निधीच्या आकड्यांवरून. पण ठेकेदाराचा त्या निधीतला नोंदणी कोड पुण्याचा असेल तर वाळूजच्या गेटवर राबणारा माणूस पुण्यात मोजला जाऊ शकतो. वस्ती मोजायला घरगुती वीजजोडण्या घेतल्या तर एका मीटरवर सबमीटर लावून आठ-आठ खोल्या असतात. शाळेचा पट एकट्या कामगाराला पकडत नाही. म्हणून एकच आकडा नको; गेटवरची महिन्याची हजेरी, वीजजोडण्या, लसीकरणाची नोंद आणि शाळेचा पट हे चार शेजारी ठेवून दर सहा महिन्यांनी गावनिहाय अंदाज काढावा. २०११ नंतर देशाची जनगणना २०२७ मध्येच होते आहे. तिचा मोजणीचा टप्पा फेब्रुवारीत येतो, तेव्हा बीड-जालन्याचे ऊसतोड कामगार फडावर असतात आणि वाळूजच्या खोल्यांना दिवसा कुलूप असतं. प्रगणकाला रविवारी किंवा शिफ्ट सुटल्यावर पाठवलं नाही, तर पुढची दहा वर्षं याच चुकलेल्या आकड्यावर निधी वाटला जाईल.

जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवायच्या ठरल्या, त्यामुळं वाळूज पट्ट्याची नगरपरिषद आज जाहीर करा असं आम्ही म्हणत नाही. पण मधला काळ रिकामा घालवू नका. एक लाखावर लोकसंख्या असली की 'अ' वर्ग नगरपरिषद होते, आणि कायद्याला लागणारा ३५ टक्के बिगरशेती रोजगार या गावांनी केव्हाच ओलांडला आहे. गावागावांच्या वेगळ्या छोट्या संस्था नकोत, कारण मैलावाहिनीचा उतार ग्रामपंचायतीची हद्द बघत नाही. सगळ्या पट्ट्याची एकच हवी. हद्दीचा नकाशा, कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध, ग्रामपंचायतींची थकीत पाणीदेणी कुणाच्या खात्यावर जाणार याचा निर्णय आणि कारखान्यांच्या कराचा वाटा किती, हे चार कागद सीमा खुल्या होण्याआधी तयार हवेत. ऑरिकसाठी पुढंमागं संविधानाच्या कलम २४३-क्यूखालची, म्हणजे नगरपरिषदेशिवाय चालणारी, औद्योगिक नगरी करायचा विचार असेल, तर तिच्या कुंपणाबाहेरच्या गावांचं काय, हे त्याच अधिसूचनेत लिहा.

या चार कागदांचे मसुदे आम्ही करून देऊ शकतो. भेटीची वेळ कळवावी. शक्यतो बिडकीनला, सकाळी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या वेळी.

आपले,
नगररचना, पाणीपुरवठा आणि लघुउद्योग या क्षेत्रांत काम करणारे काही नागरिक
छत्रपती संभाजीनगर